भुकटीचा बडग्या

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बालवाडीत दुधाच्या भुकटीची पोती आली, ही तशी आनंदाची बातमी होती. युरोपातल्या एका सधन देशाने भारतातल्या हडकुळ्या बालकांना ती भेट म्हणून पाठवली होती. पोत्यांवर गाईचे चित्र होते आणि गाय हसत होती. आमच्याकडच्या गाईंना हसायला काही कारण नसते, त्यामुळे माल अस्सल परदेशी असल्याबद्दल कुणाला शंका उरली नाही. विभागीय बालाहार कार्यालयाचा ट्रक आला, बालवाडीच्या दोन खोल्यांपैकी मोठ्या खोलीत आढ्यापर्यंत पोती रचली गेली, जिजाबाईंनी सही केली आणि ट्रक निघून गेला. हे एकोणीसशे शहाऐंशी सालच्या पावसाळ्यातले.

ट्रकच्या मागोमाग परिपत्रक आले. त्या वर्षी उन्हाळ्यात तिकडे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली होती. तिची राख वाऱ्यावर स्वार होऊन अर्ध्या युरोपावर हिंडली, मग गवतावर बसली, गवत गाईंनी खाल्ले, आणि पुढचे सांगायला नको. सदर भुकटीत किरणोत्सारी अंश असण्याची शक्यता नाकारता येत नाही व स्वीकारताही येत नाही, असे परिपत्रकात म्हटले होते. सबब तपासणी अहवाल येईपर्यंत भुकटी बालकांना देऊ नये, नष्ट करू नये, परत पाठवू नये व उघड्यावर ठेवू नये. शेवटच्या कलमात मात्र शासनाचे हृदय दिसत होते. कोणत्याही परिस्थितीत बालकांच्या रोजच्या दुधात खंड पडू देऊ नये, असे तिथे ठळक अक्षरात छापले होते.

जिजाबाई या बालवाडीच्या शिक्षिका, स्वयंपाकीण आणि झाडूवाल्या. तिन्ही पदे त्या एकाच पगारात सांभाळत. पोरांना अंकलिपी आली नाही तर त्यांना फारसे वाईट वाटत नसे, पण सकाळचा पेला चुकला तर त्यांचा जीव खालीवर होई. त्यातही तुळसाबाईच्या गोपिकेचा. तुळसाबाई लोकांकडची भांडी घासायची आणि दिवसभर पोर बालवाडीच्या भरवशावर सोडायची. गोपिका आली तेव्हा नुसती काडी होती. रोजचा पेला पोटात जायला लागल्यावर तिच्या गालांवर कुठे जरा मांस धरू लागले होते, आणि नेमकी तेव्हाच जुनी भुकटी संपली.

जिजाबाई निमजेसाहेबांकडे गेल्या. चंद्रभान निमजे हे विभागीय बालाहार अधिकारी. अत्यंत सज्जन माणूस. त्यांनी नोकरीत कुणाचे वाईट केले नव्हते, कारण काही केलेच नव्हते.

"साहेब, पोरायले दूध देऊ का नको, एवढंच सांगा," जिजाबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही एकदम प्रश्नच विचारता," निमजेसाहेब दुखावले. "अहवाल आल्याशिवाय मी काय सांगणार?"

"मंग तवरिक दुसरी भुकटी द्या. इकडच्या गाईची."

"ती देता येत नाही. तुमच्याकडे साठा शिल्लक आहे."

"तो पोरायले देऊ नका म्हन्ता ना तुमी!"

"देऊ नका म्हटलं म्हणूनच तो शिल्लक आहे. आणि शिल्लक असेपर्यंत नवा मंजूर होत नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?"

जिजाबाईंना सगळे समजले होते. पण समजून पोट भरत नाही, हे त्यांना कसे सांगावे ते समजेना. त्या परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी पोरांना गुळाचे पाणी दिले. गोपिकेने पेला तोंडाला लावला, मग आत डोकावून पाहिले आणि पिऊन टाकला.

अहवालाला वेळ लागत होता, कारण नमुनाच प्रयोगशाळेत पोहोचत नव्हता. पहिला नमुना कार्यालयातच संपला. त्या दिवशी दूधवाला आला नव्हता आणि साहेबांकडे पाहुणे होते, असा खुलासा शिपायाने दिला. दुसरा नमुना वेळेवर निघाला, पण तो नेणाऱ्या कारकुनाने तो उगीच सांभाळत बसण्यापेक्षा वाटेत मेहुण्याकडे ठेवला, आणि मेहुण्याची बायको बाळंतीण होती. तिसरा नमुना मात्र सीलबंद गेला. अहवाल आला. भुकटीत सिझियम नावाचे द्रव्य आढळले असून त्याचे प्रमाण प्रौढांना चालण्यासारखे व लहान मुलांना न चालण्यासारखे आहे, असे त्यात स्पष्ट नमूद होते. हे द्रव्य निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात, अशीही माहिती होती.

निमजेसाहेबांच्या डोक्यावरचे ओझेच उतरले. "म्हणजे घाबरण्याचं कारण नाही," ते जिजाबाईंना म्हणाले. "पोती नीट झाकून ठेवा. दरवर्षी विष थोडं कमी होत जाईल आणि दरवर्षी मुलं थोडी मोठी होत जातील. कधी ना कधी दोघांची गाठ पडेलच."

"तवरिक पेतील काय पोरं?"

"त्याबद्दल अहवालात काही नाही."

ही बातमी वर्तमानपत्रात आली आणि सक्करदरा पेटून उठला. आम्ही तसे शांत लोक आहोत, पण पोरांच्या जिवाचा प्रश्न आला की आमच्यासारखे वाईट कुणी नाही. 'विष हटाव, बालक बचाव' अशी पाटी घेऊन मोर्चा निघाला. पुढे नत्थूजी होते. नत्थूजींचे चौकात चहाचे हॉटेल होते आणि मोहल्ल्याचे नेतेपद त्यांच्याकडे आपोआप आले होते, कारण सगळा मोहल्ला त्यांच्याच बाकावर बसून असायचा. त्यांच्या मागे त्यांची सून पुष्पलता कडेवर पोरगा घेऊन घोषणा देत होती. मोर्चाहून परतल्यावर सगळ्या आयांनी आपापली मुले बालवाडीतून काढून घेतली. विषाच्या शेजारी पोर बसवायला आम्ही काही अडाणी नव्हतो. तुळसाबाईने तेवढी गोपिका काढली नाही. तिला ठेवायला दुसरी जागा नव्हती.

जनतेचा रेटा पाहून शासनाने शुद्धीकरण समिती नेमली. निमजेसाहेब अध्यक्ष, नत्थूजी जनतेचे प्रतिनिधी, आणि बाकी खात्याखात्यांचे लोक. भुकटी जमिनीत पुरावी असे ठरले आणि त्यासाठी काटोलकडची एक पडीक सरकारी जागा निघाली. दुसऱ्याच दिवशी काटोलचे संत्राबागायतदार रुपराव एसटीने येऊन समितीसमोर उभे राहिले.

"बापा, कळमन्याच्या बजारात माल उतरवला का अडत्या पह्यले इचारते, माल कुठला?" रुपराव म्हणाले. "काटोलचा म्हटलं का भाव देते. उद्या इचारन, गड्ड्याच्या अल्याडचा का पल्याडचा? मंग मी काय सांगू त्याले?"

समितीला हा युक्तिवाद तत्काळ पटला, कारण समितीतल्या निम्म्या लोकांच्या काटोलला बागा होत्या. मग पोती सक्करदऱ्याच्या तलावात सोडावीत अशी सूचना आली. पण पाण्यात पडल्यावर भुकटीचे दूध होईल, आणि एवढे दूध सार्वजनिक ठिकाणी वाटायला आगाऊ मंजुरी लागते, असे लेखा विभागाने दाखवून दिले. दात्या देशाला परत करावे तर भेट परत करणे शिष्टाचारात बसत नव्हते. जिजाबाई प्रत्येक बैठकीला दाराशी येऊन बसत आणि बैठक संपली की विचारत, "झालं का साहेब?" समितीला या बाईंचा फार कंटाळा आला होता.

शेवटी मार्ग काढला तो नत्थूजींनी.

"साहेब, आपल्या नागपूरची सिस्टीम हाय ना," ते म्हणाले. "काहून इतकं टेन्शन घेऊन राहिले? पोळ्याच्या दुसऱ्या रोजी मारबत निघते. खोकला असो, खरूज असो, हैजा असो, आपन सारं तिच्यासंग गावाबाहेर धाडतो. आजलोक तिले कोन्तं सर्टिफिकेट मागतलं कोनं?"

जे नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवे. मारबत म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, आणि तिच्या मिरवणुकीत मोहल्ल्यामोहल्ल्यातून बडगे निघतात. बडग्या म्हणजे बांबू, तणस आणि रंगीत कागद यांचा राक्षस. त्या वर्षी लोकांच्या मानेवर जे बसले असेल त्याचे सोंग त्याला द्यायचे, ओरडत गावाबाहेर न्यायचे आणि जाळायचे. मग वर्षभर पीडा नाही. निदान पीडेची जबाबदारी आपल्यावर नाही.

निमजेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. पुरायला जागा लागते, बुडवायला मंजुरी लागते, पण मिरवणूक पूर्वापार चालत आलेली होती. तिला काहीच लागत नव्हते. 'पारंपरिक पद्धतीने व लोकसहभागातून किरणोत्सार निर्मूलन' असा ठराव एकमताने झाला. दाराशी बसलेल्या जिजाबाईंनी तेवढ्यात विचारलेच.

"साहेब, जाळल्यावर धूर कुठं जाईन?"

"हवेत जाईल, बाई. आणि हवा आपल्या खात्याकडे नाही."

"अन् पोती गेल्यावर नवी भुकटी भेटन?"

"साठा शून्य झाला की लगेच."

पोरांना दूध मिळणार असेल तर धुराशी भांडायची जिजाबाईंची तयारी नव्हती. त्यांनी खोलीची किल्ली नत्थूजींच्या हातात दिली.

पोळ्याच्या दिवशी नत्थूजींच्या हॉटेलामागच्या अंगणात बडग्या उभा राहिला. त्याचे नाव किरणासुर. लाल डोळे, हिरवी जीभ आणि छातीवर कवटी. पोट मुद्दाम मोठे ठेवले होते, पोती मावावीत म्हणून. निमजेसाहेबांना सणाला सासुरवाडीला जायचे होते, म्हणून त्यांनी सकाळीच येऊन 'सर्व साठा बडग्याच्या पोटात समक्ष भरला' अशा कागदावर सही केली आणि ते गेले. मग लोकांनी पोती भरायला घेतली. थोडीच आत गेली असतील, तोच किरणासुराची कंबर मोडली.

पुन्हा बांबू बांधले, पुन्हा मोडले. राक्षसाला एवढे दूध पेलवत नव्हते. शेवटी नत्थूजींनी पोती बाहेर काढायला लावली आणि पोटात तणस कोंबले. किरणासुर ताठ उभा राहिला. पोती अंगणात पडून राहिली आणि मोहल्ला त्यांच्याभोवती.

"हे आता कोनाचं गा?" कुणीतरी विचारले.

"कोनाचंच नाही," नत्थूजी म्हणाले. "कागदावर हे बडग्याच्या पोटात हाय. जे बडग्याच्या पोटात हाय ते आंगनात कसं असन?"

हा प्रश्न बिनतोड होता. दुसरा एकजण म्हणाला, "मोठ्या मानसायले चालते म्हन्ते ना अहवालात?"

"सायबानं सोता वाचून दाखवलं," नत्थूजींनी ग्वाही दिली.

लोक घरी गेले ते भांडी आणायला. कुणी डबा आणला, कुणी बादली, कुणी गादीची खोळ. ज्यांनी मोर्चात पाटी धरली होती त्यांना आधी द्यावे, असेही ठरले, कारण त्यांनी जास्त कष्ट घेतले होते. नत्थूजींनी हॉटेलपुरते ठेवले. आमच्याकडेही पितळी डबा भरून आले, कारण न घेतले तर मोहल्ल्यात शिष्टपणा दिसतो. उतरत्या उन्हात अंगण झाडून स्वच्छ झाले होते. पोतीसुद्धा राहिली नाहीत, ती पावसात डोक्यावर घ्यायला बरी पडतात.

जिजाबाईंना यातले काही ठाऊक नव्हते. त्या रिकामी खोली फिनाईलने धूत होत्या. दारावर आंब्याचे तोरण लावून त्यांनी घरोघरी निरोप धाडला, की विष गेले, आता पोरे पाठवा. आया खरेच पाठवतो म्हणाल्या. त्या दिवशी जिजाबाईंइतके सुखी माणूस सक्करदऱ्यात नव्हते.

मारबतीचा दिवस उजाडला. किरणासुराची गाडी इतवारीतून निघाली तेव्हा गच्च्यांवरही माणसे मावत नव्हती. "किरणं-बिरणं घेऊन जा गे मारबत!" असा आवाज उठला आणि ज्यांना किरणे म्हणजे काय हे ठाऊक नव्हते तेही घसा फोडून ओरडले. गावाबाहेर निमजेसाहेबांच्या हस्ते आग लावण्यात आली. किरणासुर फार सुरेख जळला. भडभडून, वासाशिवाय आणि एका दमात. दुधाची भुकटी अशी कधीच जळत नाही, ती करपते आणि घाण सुटते, हे कुठल्याही बाईने सांगितले असते. पण बायका मिरवणुकीच्या कडेला होत्या आणि समिती पुढे होती. शिवाय भुकटी कुठे आहे हे बायकांना माहीत होते. निमजेसाहेबांनी नागपूर शहर किरणोत्सारमुक्त झाल्याचे तिथेच जाहीर केले आणि टाळ्या पडल्या.

त्याच संध्याकाळी तान्हा पोळा. हा सण लेकरांचा. सजवलेला लाकडी बैल दोरीने ओढत पोरे घरोघर जातात, बाया बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे थोडे पैसे, काही गोडधोड. गोपिकेकडे बैल नव्हता. जिजाबाईंनी तिला बालवाडीचा बैल दिला, त्याच्या शिंगांना बेगड लावली, तिच्या केसांना तेल लावले आणि सांगितले, "जाय माय, साऱ्यायच्या घरी जाय."

पोर अंधार पडायच्या सुमारास परतले. फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी धरला होता आणि बैल दोरीने मागे घासत येत होता. घोळात पेढे होते. जिजाबाई हसल्या.

"मायबाई! कोनं देल्ले वं इतले?"

"साऱ्यायनं," गोपिका म्हणाली. "बहुत खाल्ले म्या. हे मायसाठी ठेवले."

सणाला दूध महाग असते. सक्करदऱ्यात दरवर्षी बोजाऱ्याला लाह्या-बत्तासे मिळायचे. जिजाबाईंनी एक पेढा फोडून जिभेवर ठेवला, आणि लगेच थुंकून टाकला. वर्षानुवर्षे त्यांनी भुकटीचे दूध घोटले होते. त्या गोपिकेला पायरीवर बसवून तशाच धावत पुष्पलताच्या दारात गेल्या.

"पुष्पलता, पेढे कायचे होय वं?"

"खव्याचे."

"अन् खवा?"

पुष्पलताने पदराशी चाळा केला. "जिजाबाई, एका पेढ्यानं काय होते? आमी एका लेकराले एकच देल्ला. कोनाले दुसरा देल्ला असन तर सांगा."

"तुह्या पोराले देल्ला का?"

"माह्या पोराले काहून देईन वं? इषाचं होय न ते!" पुष्पलता फटकन बोलून गेली. "तो तर घरीच नाही. बैल घेऊन गेला हाय."

"कुठं गेला?"

दोघी रस्त्याकडे पाहू लागल्या. घराघरातून दिवे लागले होते, दारादारात बाया ओवाळत होत्या, आणि प्रत्येक बाई दुसऱ्या बाईच्या पोराच्या हातावर एकेक पेढा ठेवत होती. तेवढ्यात पुष्पलताचा मुलगा बैल ओढत आला. त्याचे दोन्ही गाल फुगलेले होते.

मग जो आकांत झाला तो सांगवत नाही. बाया रस्त्यावर आल्या, पोरांच्या तोंडात बोटे घातली, पाठीत धपाटे घातले, चुळा भरवल्या, आणि एकमेकींना शिव्या दिल्या की माझ्या लेकराला विष चारताना तुला लाज नाही वाटली? प्रत्येकीचे म्हणणे खरे होते. गोपिकेला चुळा भरवायला तिची आई नव्हती, सणाची भांडी घासायला गेली होती. जिजाबाईंनीच तिला मोरीवर नेले आणि तिच्या घोळातले पेढे नाल्यात टाकले. तेव्हा मात्र ती पोर हंबरडा फोडून रडली. एवढे गोड तिला जन्मात कुणी दिले नव्हते. जिजाबाई तिला पोटाशी धरून बसल्या आणि त्याही रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या निमजेसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, ते इष बडग्यात नाही गेलं. पोरायच्या पोटात गेलं."

निमजेसाहेबांनी आहार वाटपाची फाइल पुढे ओढली. "सगळ्या पोरांच्या?"

"साऱ्यायच्या."

"म्हणजे एकही लाभार्थी वंचित राहिला नाही," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली.

त्या वर्षी सक्करदऱ्याची बालवाडी आहार वाटपात विभागात पहिली आली. साठा शून्य झाल्याने नव्या भुकटीची मागणीही वर गेली असून ती पुढील आर्थिक वर्षात विचारात घेतली जाणार आहे. मात्र कुणी नसती अफवा पसरवू नये म्हणून समितीने रीतसर चौकशी केली. सदस्य घरोघर गेले, प्रत्येक आईला समोर बसवून शपथेवर विचारले, आणि चौकशीत निर्विवाद सिद्ध झाले, की सक्करदऱ्यातल्या एकाही आईने आपल्या स्वतःच्या मुलाला ती भुकटी दिलेली नाही.

वाचकहो, तुम्हीही आपल्या मुलांना कधी दिली नसेल, याबद्दल समितीला तिळमात्र शंका नाही.